पंखा तीन गुंठ्यांत मावतो, रस्ता मावत नाही

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही भूम तालुक्यातले. मालकांना जाऊन चार वर्षं झाली. घरात सासूबाई, मी, 20 वर्षांचा मुलगा आणि 16 वर्षांची मुलगी. सासऱ्यांची 11 एकर जमीन तीन भावांत तोंडी वाटलेली आहे, सातबारा मात्र एकच. आमच्याकडे साडेतीन-पावणेचार एकर. सोयाबीन, तूर, मागून ज्वारी. चार म्हशी आहेत, दूध खव्याच्या भट्टीला जातं.

दिवाळीपासून पवनचक्कीवाल्यांचा एजंट फिरतोय. खुणेचा दगड आमच्या रानात मधोमध रोवून गेलेत. 2 एकर कायमची खरेदी मागतात, एकरी 10 लाख. रस्त्याचं "नंतर बघू" म्हणतात. धाकट्या भाऊजींनी आम्हाला न विचारता 1 लाख विसार घेतला. आता म्हणतात, वहिनी, मुखत्यारपत्रावर सही करा, तुम्हाला कचेरीत हेलपाटे नकोत. सासूबाई म्हणतात, पंखे आले की पाऊस पळतो, देऊ नको. मुलगा म्हणतो, कंपनीत नोकरी लागेल, दे. शेजारच्या गावात ज्यांनी अडवलं त्यांच्या दारात रात्री गाड्या भरून माणसं आली होती, त्याची धास्ती वेगळीच. मी काय करू?

— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर

ताई,

बाकीचं सगळं सावकाश बोलू, आधी हे एक ऐका. मुखत्यारपत्रावर सही करू नका. भाऊजींचा हेतू चांगला असेल, मी त्यांच्यावर शंका घेत नाही. पण कुलमुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वाट्याची जमीन विकायची, भाड्यानं द्यायची, पैसे घ्यायचे, सगळा अधिकार दुसऱ्याच्या हातात. एकदा तो कागद एजंटाच्या फाइलीत गेला की तुमच्या घरी येऊन तुमच्याशी बोलायची कुणाला गरज राहत नाही. हेलपाटे वाचतात ते तुमचे नाही, त्यांचे.

मी दुय्यम निबंधक कार्यालयात 26 वर्षं कारकुनी केली आहे. तिथं अशा कागदांवर अंगठे उठताना रोज पाहिलेत. भावाबरोबर, दिराबरोबर बाई यायची, मागच्या बाकावर बसायची, नाव पुकारलं की पुढं यायची. फोटो काढताना तिला पदर नीट करायला सगळे सांगायचे. कागदात काय लिहिलंय ते तिला सांगावं असं सोबतच्या माणसांपैकी कुणाला वाटायचं नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं गप्प बसले. मग विचारायला लागले, "मावशी, काय लिहून देताय ठाऊक आहे का?" दहापैकी सात-आठ जणी सोबतच्या माणसाकडं बघायच्या.

तेव्हा पहिलं काम, या आठवड्यात डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा. सातबाऱ्याचा उतारा 15 रुपयांत निघतो, मुलगा मोबाइलवर काढून देईल. त्यावर मालकांच्या पश्चात तुमची वारस नोंद लागली आहे का ते बघा. मालकांच्या हिश्श्यात तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई, चौघांचा हक्क आहे. नणंदा असतील तर सासऱ्यांच्या जमिनीत त्यांचाही आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. मुलगी अजून सज्ञान नाही, आणि अज्ञानाच्या हिश्श्याची विक्री किंवा लांब मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर न्यायालयाची परवानगी लागण्याचा प्रश्न येतो. वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारा. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, आणि भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, तेही पाहा. मराठवाड्यात इनामी जमिनी पुष्कळ आहेत. वर्ग 2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढं सरकत नाही, आणि परवानगी न घेता झालेल्या व्यवहाराचा त्रास शेवटी शेतकऱ्याच्याच मागे लागतो.

आता विसाराचं. सामाईक सातबाऱ्यातल्या एकानं पैसे घेतले म्हणून बाकीच्यांची जमीन बांधली जात नाही. भाऊजी त्यांच्या हिश्श्यापुरतं बोलू शकतात. पण हे त्यांना वकिलाच्या नोटिशीतून कळवण्याआधी घरात कळवा. सासूबाईंना मधे बसवा, थोरल्या भाऊजींना बोलवा, आणि सरळ सांगा की आधी वाटणी कागदावर आणू, मग कंपनीशी बोलू. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्रच लागतो. सगळ्यांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडंही वाटप करून घेता येतं. एवढी वर्षं तोंडी चाललं कारण कुणाला काही मिळणार नव्हतं. आता मिळणार आहे, म्हणून आता कागद हवा.

आणि एक सुचवू का? पटलं तर घ्या. दगड तुमच्या वाट्यात पडला तो वाऱ्याच्या मोजमापानं. थोडा इकडं असता तर भाऊजींच्या रानात असता. रस्ता बहुधा त्यांच्याच बांधावरून येईल. पंख्याचं भाडं, रस्त्याचं भाडं, तारेचे पैसे असं सगळं एकत्र धरून तिन्ही घरांचं काही एक प्रमाण आधीच ठरवलंत, तुमचं जास्त, त्यांचं कमी, पण ठरलेलं, तर एजंटाला एकेकाला वेगळं गाठता येणार नाही. माझ्या पाहण्यात जिथं भावकी एकत्र बसली तिथं दर चांगला मिळाला. जिथं एकानं विसार घेतला आणि दुसरा रुसला, तिथं दोघांनाही कमी मिळालं आणि बोलणं बंद झालं ते आजवर बंदच आहे.

जमीन द्यायची की नाही, यावर मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. वाऱ्यावर वीज व्हावी, कोळसा कमी जळावा, असं मला मनापासून वाटतं. आणि कोरडवाहू रानाला पावसावर अवलंबून नसलेलं एक उत्पन्न मिळत असेल तर ते सोडू नये असंही वाटतं. पण विकू नका, भाड्यानं द्या. हे सांगते त्याला कारण आहे.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, वनकुसवड्याच्या सड्याच्या खालच्या अंगाला. सडा म्हणजे कोयनेच्या जलाशयावर उभं असलेलं उंच, उघडं पठार. वर वारा असा की पावसाळ्यात माणूस तिरपा चालतो. 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथं पवनचक्क्या यायला लागल्या. त्या काळात पवनचक्की घेणाऱ्या कंपनीला आयकरात पहिल्याच वर्षी यंत्राच्या सगळ्या किमतीचा घसारा दाखवून कर वाचवता येत होता, 2002 नंतर तो 80 टक्क्यांवर आला. त्यामुळं सडा कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या लांबच्या शहरांतल्या कंपन्या एकेका पंख्याच्या मालक झाल्या. माझ्या वडिलांची सड्यावर 3 एकर वरकस जमीन होती. थोडी नाचणी, थोडी वरी, बाकी गवत. एजंट आला, वडिलांनी विकली. त्या पैशात थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि घरावर नवी कौलं आली. त्या घडीला तो व्यवहार कुणालाच वाईट वाटला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर आजी गुरं घेऊन वर गेली तर रस्त्यावर साखळी लावलेली, तिला कुलूप. ज्या वाटेनं तिच्या सासूनं गुरं नेली होती ती वाट आता कंपनीच्या जागेतून जात होती. साखळीपाशी राखणीला आमच्याच वाडीतला मुलगा होता, नात्यानं आजीचा पुतण्या. तो उठून उभा राहिला, "काकू, मला वरून सांगितलंय" एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. आजीनं त्याला काही म्हटलं नाही, गुरं वळवली. वडिलांनी खरेदीखत पत्र्याच्या डब्यातून काढून मला वाचायला दिलं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. दोन पानी कागद. चतुःसीमा होत्या, रक्कम होती. गुरांच्या वाटेबद्दल, पाणवठ्याबद्दल, उरलेल्या तुकड्याकडं जायच्या वहिवाटीबद्दल एक ओळ नव्हती. विकलेल्या जमिनीत बोलायला जागाच राहत नाही. भाडेपट्ट्यात राहते, कारण तिथं मालक तुम्हीच असता आणि दरवर्षी त्यांना तुमच्या खात्यात पैसे टाकावे लागतात.

आता आकडे. हल्ली उभे राहतात ते पंखे 2 ते 3 मेगावॅटचे आणि त्याहून मोठे असतात. 3 मेगावॅटचा एक पंखा वर्षाची सरासरी धरून क्षमतेच्या 30 टक्के चालला तर वर्षाला 78 लाख 84 हजार युनिट वीज होते. युनिटला 3 रुपये धरले तर 2 कोटी 36 लाख रुपये. हा निव्वळ नफा नव्हे, असा एक पंखा उभा करायला 20 कोटींच्या आसपास खर्च येतो आणि त्यावर बँकेचं व्याज असतं. तरी त्यातला शेकडा 1 रुपया म्हणजे वर्षाला 2 लाख 36 हजार. हा बाजारभाव म्हणून सांगत नाही. बोलायला बसताना हा आकडा तुमच्या मनात असावा, म्हणून सांगते. समोरच्याच्या मनात तो असतोच.

दुसऱ्या बाजूला तुमचं सोयाबीन. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 होता आणि बाजारात दर त्याच्याही खाली गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2 एकरांत चांगल्या सालात 14 क्विंटल झालं तरी खर्च वजा जाता हातात काय राहतं ते तुम्ही जाणता. म्हणून 20 लाख मोठे वाटतात. पण 20 लाखांची ती रक्कम चौघा वारसांत वाटली जाईल, मुलीचं लग्न, घराचं काम, कुणाचं आजारपण, आणि पाच वर्षांनी रानाच्या मधोमध दुसऱ्याचे 2 एकर उरतील. भाडं दरसाल 5 टक्क्यांनी वाढत गेलं तर चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट होतं, आणि तेव्हा तुमचं वय काम न होण्याकडं झुकलेलं असेल. त्या वयात दर वर्षी ठरल्या तारखेला खात्यात येणारा पैसा किती उपयोगी पडतो, हे माझ्या आईला निवृत्तिवेतन नसल्यामुळं मी जवळून पाहिलंय.

वाढीची टक्केवारी करारात आकड्यानं लिहून घ्या. "वेळोवेळी योग्य ती वाढ" असं लिहिलं असेल तर ते खोडायला लावा. करार कंपनीच्या नावावर हवा, एजंटाच्या नाही, आणि सही करणाऱ्याला कंपनीनं अधिकार दिल्याचा ठराव सोबत जोडलेला हवा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चालत नाही. मुदत साधारण 28-29 वर्षं असते. कंपनीनं तिच्या भाडेहक्कावर कर्ज काढलं तर काढो, तुमच्या मालकीवर बोजा चढणार नाही हे वाक्य स्पष्ट असू द्या.

आता त्या "रस्त्याचं नंतर बघू"बद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला याच वाक्याची सर्वांत जास्त काळजी वाटली.

पंख्याचा पाया साधारण 20 मीटर व्यासाचा असतो, म्हणजे 3 गुंठे. त्यातलाही बराच मातीखाली जातो. पण पातं येतं 70 मीटर लांबीचं, सव्वादोनशे फूट, एकसंध. ते आणणारी गाडी आपल्या गाडीवाटेवरून वळत नाही. वळणावर शेजाऱ्याचा बांध फुटतो, लिंबाची झाडं जातात. 300 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद रस्ता म्हणजे जवळजवळ 18 गुंठे, आणि उभारणीच्या काळात 10 मीटर रुंदी लागली तर 30 गुंठे. क्रेन उभी राहायला सपाट केलेली जागा आणखी वेगळी. पंख्याचा भाव ठरवून रस्त्याचं नंतर बघणं म्हणजे लहान वस्तूचे पैसे घेऊन मोठी वस्तू तशीच देऊन टाकणं.

आणि पाणी, ताई. काळ्या रानातून मुरूम टाकून दोन-अडीच फूट उंच रस्ता काढला की तो आडवा बांधच होतो. गेल्या वर्षी तुमच्या शेजारच्या वाशी तालुक्यात एका ओळखीच्यांच्या रानात गेले होते. ऑगस्टचा महिना. रस्त्याच्या वरच्या अंगाला सोयाबीन पिवळं पडून मुळं कुजलेली, पायाखाली पचपच, आणि खालच्या अंगाला त्याच वाणाचं पीक हिरवंगार. मधे मोरी नव्हती. सिमेंटचे चार पाईप टाकले असते तर झालं असतं. काम चालू असताना ते ठेकेदाराला म्हणाले होते, तो "टाकू की" म्हणाला, आणि यंत्रसामग्री हलल्यावर त्याचा फोन लागेना. म्हणून मोऱ्या कुठं आणि किती, हे नकाशावर खुणा करून कराराला जोडा. पावसाळ्यात पाणी कुठून कुठं वाहतं ते कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा सासूबाईंना जास्त माहीत आहे. त्यांना रानात नेऊन त्यांच्याकडून दाखवून घ्या.

खोदकामाच्या वेळी वरची हातभर काळी माती वेगळ्या ढिगाला लावायची आणि काम संपल्यावर तीच वर पसरायची, हेही लिहून घ्या. नाहीतर खालचा मुरूम वर येतो आणि ती जागा कित्येक वर्षं काही पिकवत नाही. क्रेनखाली दाबलेली जमीन खोल नांगरून द्यायची. काम ज्वारी निघाल्यावर सुरू करायचं, उभ्या पिकात शिरायचं असेल तर भरपाई आधी. आणि तो रस्ता तुम्हाला, तुमच्या बैलगाडीला, म्हशींना, ट्रॅक्टरला कायम खुला राहील, साखळी लागणार नाही, ही ओळ माझ्या आजीसाठी म्हणून तरी नक्की घाला.

दगड मधोमधच का, हेही विचारा. कधीकधी 40-50 मीटर सरकवून बांधाकडं घेता येतो. जमत असेल तर तुमचं रान दोन तुकड्यांत फुटत नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या वस्तीपासून 500 मीटर अंतर सांगितलं आहे, आवाजासाठी. सार्वजनिक रस्ता आणि इमारतींपासून अंतर म्हणजे खांबाची उंची, अधिक पात्यांच्या घेराच्या व्यासाचा निम्मा, अधिक 5 मीटर. 140 मीटर खांब आणि 144 मीटर व्यास असेल तर 217 मीटर. तुमचं घर रानात आहे की गावात ते पत्रात नाही. रानात असेल तर टेप घेऊन मोजा. सकाळ-संध्याकाळ उन्हं तिरपी असताना फिरत्या पात्यांची सावली घरावर लुकलुकत राहिली तर त्रास होतो. गोठ्याचं म्हणाल तर म्हशी आवाजाला सरावतात. सड्यावर पंख्याच्या बुडाशी गुरं निवांत रवंथ करताना मी कितीदा तरी पाहिली आहेत.

तारांकडं लक्ष असू द्या. पंख्यापासून उपकेंद्रापर्यंत बहुधा 33 केव्हीची लाईन जाते. उच्चदाबाच्या मनोऱ्यांसाठी केंद्रानं जून 2024 मध्ये भरपाईचे वाढीव दर सुचवलेत, पण ते 66 केव्ही आणि त्यावरच्या लाईनसाठी आहेत. कुणी त्या दरांचा हवाला देऊन तुमची समजूत काढली तर कोणती लाईन ते आधी विचारा. जमेल तिथं रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून केबल मागा, म्हणजे पुढं बोअरची गाडी किंवा हार्वेस्टर आणताना तार आडवी येणार नाही.

मुदत संपल्यावर पंखा कोण काढणार, हे आज लिहून घ्यायचं. पंख्याचं आयुष्य साधारण 25 वर्षांचं. साताऱ्याकडचे जुने पंखे आता त्या वयाला पोचलेत, आणि जुनी लहान यंत्रं काढून मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण डिसेंबर 2023 मध्ये आलं. तोवर कंपनी दोनदा विकली गेलेली असते. म्हणून यंत्र, खांब आणि निदान नांगराच्या खोलीपर्यंतचा पाया काढून जमीन पूर्ववत करायची, त्यासाठी बँक हमी ठेवायची, आणि कंपनी कुणीही घेतली तरी ही अट त्याच्यावर बंधनकारक राहील, अशी कलमं मागा. बँक हमीला ते कुरकुरतील. लावून धरा.

आता सासूबाई. त्यांना हसण्यावारी नेऊ नका, आमच्या साताऱ्यातही वीस वर्षांपूर्वी लोक हेच म्हणत होते, धुळ्याकडच्या साक्री भागातही म्हणत होते. मला असं वाटतं की हे डोळ्यांनी पाहूनच माणसाच्या मनात येतं. आषाढात वारा जोराचा असतो तेव्हा पंखे जोरात फिरतात, आणि त्याच वाऱ्यानं ढग न थांबता पळतात. दोन्ही एकाच वेळी दिसतं, म्हणून एकानं दुसऱ्याला पळवलं असं वाटतं. पण दोघांनाही हाकणारा वारा एकच. पात्याचं टोक फार तर 200-225 मीटरवर जातं, पाऊस देणारे ढग त्याच्या वर किलोमीटरच्या किलोमीटर उंच चढलेले असतात. पंख्याच्या मागं काही अंतर वारा मंदावतो, रात्री जमीन थोडी उबदार राहते, असं टेक्सासमधल्या मोजमापात दिसलं आहे. एवढा परिणाम होतो. तुमच्याकडच्या बालाघाटाच्या डोंगररांगेवर पाऊस कमी, कारण सह्याद्रीच्या पलीकडं तो आधीच ओतून येतो. सासूबाईंना 1972 चा दुष्काळ आठवत असेल, खडी फोडायला गेल्या असतील. त्यांना विचारा, तेव्हा कुठं पंखे होते? रत्नागिरीला, गुजरातेत आणि तमिळनाडूत देशातल्या पहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याच मुळात 1986 मध्ये. मात्र त्या "देऊ नको" म्हणतात त्यामागं पावसाशिवाय दुसरंही काही असेल. नवऱ्यानं कमावलेली जमीन, मुलगा गेलेला. तेही त्यांच्याजवळ बसून ऐकून घ्या.

मुलाला सांगा, उभारणी चालते तोवर हाताला काम असतं, नंतर दहा-वीस पंख्यांमागं मोजकी माणसं पुरतात, आणि राखणीची नोकरी ठेकेदाराकडून असते. त्याला या कामात खरंच रस असेल तर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करू दे. नोकरीच्या तोंडी शब्दावर जमिनीचा व्यवहार करायचा नाही.

भीतीबद्दल लिहायला हात जड होतो. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर 2024 मध्ये खून झाला. तपासात पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा धागा पुढं आला. तेव्हा तुमची धास्ती खोटी नाही. एकटीनं बोलणी करू नका. एजंट आला की दोन्ही भाऊजी किंवा गावातलं कुणी जाणतं माणूस हजर हवं, बैठक दिवसा, शक्यतो ग्रामपंचायतीत. गावात काम मिळवण्यासाठी जे पुढारी कंपनीच्या मागे आहेत, त्यांच्या वादात तुमचा सातबारा ओढू देऊ नका. कुणी दमदाटी केली तर 112 ला फोन, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, पोच घ्या. त्याचीच प्रत पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना स्पीड पोस्टानं. जबरदस्तीनं रानात शिरलेच तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळतो. वकिलाच्या फीची चिंता करू नका. भूमच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. तो तुमचा कायद्यानं दिलेला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

पवनचक्कीला 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही, म्हणून त्यासाठीची जनसुनावणीही होत नाही. कुणी साहेब येऊन गावाला विचारील याची वाट बघू नका. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. कुणाकुणाच्या रानात दगड रोवलेत त्यांची यादी करा, आणि एकमेकांना मिळालेले दर एकमेकांना सांगा. एजंट प्रत्येकाला "तुम्हालाच जास्त देतोय, कुणाला बोलू नका" म्हणतो, आणि शेतकरी खरंच बोलत नाहीत. ते बोलले पाहिजेत. ज्यांच्या रानात पंखा नाही पण आवाज आणि सावली येणार आहे, त्यांनाही त्या बैठकीत बोलवा.

एजंट पुन्हा आला की त्याला चहा द्या आणि एवढंच म्हणा: "आम्हाला विकायचं नाही. भाडेपट्ट्याचा मसुदा मराठीत आणून द्या, रस्ता, मोऱ्या आणि तारा नकाशावर दाखवून. आम्ही 15 दिवस वाचू." मसुदा आला की नावं आणि गट नंबर खोडून त्याची झेरॉक्स माझ्याकडं पाठवा. मी ओळ अन् ओळ वाचून कळवते. तोवर कशावरही सही नाही, अंगठाही नाही.

तुमची,
ताई